गेकोच्या पोटात जायच्या आधी किड्याच्या पोटात काय गेलं

किड्यांचा डबा घरी आला की पहिली चूक तिथेच होते. डबा उघडला, चार रातकिडे चिमट्याने उचलले आणि थेट गेकोपुढे (म्हणजे घरात पाळलेल्या पालीसारख्या प्राण्यापुढे) टाकले, त्याने ते गट्टम केले आणि आपण खुश. मी पण सुरवातीचे दोन-तीन महिने हेच केलं. आता बघा, तो किडा आपल्यापर्यंत पोचेपर्यंत बऱ्याचदा दोन-तीन दिवस उपाशी असतो, डब्यात असतात फक्त अंड्यांच्या ट्रेचे तुकडे आणि फार तर एखादी सुकून वाकडी झालेली बटाट्याची चकती. म्हणजे आपण गेकोला देतो ते जवळजवळ रिकामं पाकीट, वर कवच, आत थोडं प्रोटीन, थोडी चरबी आणि बाकी पाणी. त्या पाकिटात काय भरायचं ते आपल्या हातात असतं आणि लेपर्ड गेकोचं खाणं म्हणजे मुख्यतः एवढंच आहे, त्यामुळे हा लेख गेकोबद्दल कमी आणि किड्यांबद्दल जास्त वाटला तर वाटू द्या.

आधी प्राणी थोडक्यात. लेपर्ड गेको हा आपल्या भिंतीवरच्या पालीचा लांबचा नातेवाईक, पण ह्याला पापण्या असतात (पालीला नसतात, ती जिभेने डोळे पुसते) आणि पायाला चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे हा काचेवर चढत नाही, जमिनीवरच फिरतो. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत इथल्या कोरड्या खडकाळ भागातला, दिवसा दगडाखाली, संध्याकाळ झाली की बाहेर. खातो फक्त हलणारे छोटे जीव. फळं, भाजी, भात, कुत्र्याचं खाणं, उकडलेलं अंडं ह्यातलं काहीही त्याला द्यायचं नाही, वनस्पती पचवायची यंत्रणाच त्याच्या पोटात नाही. "माझा गेको केळं चाटतो" असं कोणीतरी सांगतंच, चाटत असेल, लहान मूल पण माती खातं. शेपटी जाड असते कारण चरबीचा साठा तिथे असतो, उंटाच्या कुबडासारखाच प्रकार. ही शेपटीच आपल्याला पुढे खाण्याचा हिशोब सांगणार आहे.

आता मूळ भानगड, कॅल्शियम. साप उंदीर गिळतो तेव्हा उंदराची हाडंही पोटात जातात, म्हणजे कॅल्शियम आपोआप मिळालं. किड्याला हाडं कुठून येणार? त्याचा सांगाडा बाहेरून असतो, कायटिन आणि प्रोटीनचा, त्यात चुना जवळजवळ नसतोच. फॉस्फरस मात्र किड्यात भरपूर. सरपटणाऱ्या प्राण्याच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवं, साधारण दीड ते दोन पट, आणि किड्यात असतं नेमकं उलटं. मोठ्या रातकिड्यात कॅल्शियमच्या साधारण ७ पट फॉस्फरस असतो, सुपरवर्ममध्ये १३ पट आणि मीलवर्ममध्ये तर १५ पटीच्याही वर (ह्या दोन्ही गेकोला घालायच्या अळ्या, त्यांच्याबद्दल पुढे). हा जास्तीचा फॉस्फरस आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतो, म्हणजे जे थोडंफार आहे तेही नीट शोषलं जात नाही. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास.

रक्तातलं कॅल्शियम एका पातळीच्या खाली जाऊन चालत नाही, स्नायू आणि नसा त्यावरच चालतात, मग शरीर काय करतं तर हाडांतून काढून घेतं. पगार पुरेना म्हणून मुदत ठेव मोडायची तसं. काही आठवडे काही महिने हे गुपचूप चालतं, गेको खातोय पितोय फिरतोय, सगळं ठीक दिसतं, आणि मग एक दिवस लक्षात येतं की चालताना पोट जमिनीला टेकतंय, पाय धनुष्यासारखे वाकलेत, जबडा मऊ झालाय आणि किडा तोंडात धरला तरी चावता येत नाहीये. पुढची पायरी म्हणजे बोटं थरथरणं, झटके. माणसांच्या लहान मुलांत मुडदूस म्हणतात ना त्याचाच हा भाऊबंद. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, डॉक्टर पुढचं नुकसान थांबवू शकतात फक्त. पिल्लांमध्ये हे सगळ्यात लवकर होतं कारण हाडं वाढत असतात, आणि अंडी घालणाऱ्या माद्यांमध्ये, कारण अंड्याच्या कवचाचा चुना शेवटी तिच्याच शरीरातून जातो. नर जवळ नसला तरी मादी वांझ अंडी घालू शकते, एका वेळी बहुतेक दोन, त्यामुळे "माझी एकटीच आहे" म्हणून निवांत राहू नका.

ह्यात तिसरा खेळाडू आहे डी३ जीवनसत्त्व. कॅल्शियम नुसतं पोटात जाऊन उपयोग नाही, ते आतड्यातून रक्तात यायला डी३ लागतं. हे दोन वाटांनी मिळतं, एक तर यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारा दिवा लावला तर गेकोची कातडी स्वतः बनवते, किंवा किड्यांना लावायच्या पावडरमधून. गेको रात्रीचा प्राणी म्हणून त्याला यूव्हीबी लागतच नाही असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि डी३ पावडरवर गेको चांगले जगतातही, पण हलक्या पॉवरचा यूव्हीबी असेल तर शरीर स्वतःच प्रमाण सांभाळतं आणि जास्त होण्याची भीती राहत नाही, त्यामुळे माझं मत दिवा लावावा असंच आहे (लपायला अंधारी जागा मात्र हवीच, आणि अल्बिनो गेकोला उजेडाचा त्रास होतो तिथे अजून सांभाळून). पावडरमधलं डी३ मात्र चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, म्हणून रोज रोज डी३ वाली पावडर मारली तर उलट दुसरा आजार, किडनीत आणि रक्तवाहिन्यांत चुना बसायला लागतो. थोडक्यात काय, पावडर म्हणजे मीठ, नसेल तरी बिघडलं आणि मूठभर पडलं तरी बिघडलं.

मग करायचं काय, दोन कामं. एक म्हणजे किड्याचं पोट भरणं, ह्याला सगळे गट लोडिंग म्हणतात, आणि दुसरं म्हणजे किड्याच्या अंगावर पावडर लावणं, म्हणजे डस्टिंग. लोक पावडर लावतात आणि पहिलं विसरतात, कारण पावडर दिसते आणि किड्याचं पोट दिसत नाही.

गट लोडिंगला काही शास्त्रज्ञ असावं लागत नाही. गेकोला द्यायच्या २४ ते ४८ तास आधी किड्यांना चांगलं खायला घाला, बस्. कोरडं काहीतरी आणि ओलं काहीतरी असं दोन्ही ठेवायचं. कोरड्यात गट लोडिंगसाठी मिळणारं तयार कॅल्शियमवालं खाद्य, आणि ओल्यात गाजर, रताळं, लाल भोपळा आणि हिरव्या पालेभाज्या. ह्यात एक गंमत आहे, पालक ठेवू नका, पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर पण सोबत ऑक्झलेट असतं जे त्याला बांधून ठेवतं, म्हणजे बँकेत पैसे आहेत आणि खातं गोठवलेलं. लेट्यूसचे पांढरट कुरकुरीत गड्डे म्हणजे जवळपास पाणी, बटाटा म्हणजे स्टार्च, दोन्हींनी किडा जगतो पण पाकीट रिकामंच. आणि हे जास्त कॅल्शियमवालं खाद्य किड्यांना कायमचं द्यायचं नसतं, त्यावर ते जास्त दिवस टिकत नाहीत, मरायला लागतात. म्हणून रोजचं पोसायचं खाणं वेगळं आणि शेवटच्या दोन दिवसांचं वेगळं. मी दोन डबे ठेवतो, एक राहता डबा आणि एक "उद्या परवा ज्यांचा नंबर आहे" तो डबा. घरातले त्याला फाशीची कोठडी म्हणतात, असो.

जास्त आधी भरून पण उपयोग नाही कारण किड्याचं पोट लवकर रिकामं होतं. सोमवारी भरलेला किडा दोन दिवस उपाशी ठेवून गुरुवारी दिला तर सोमवारची मेहनत केव्हाच डब्याच्या तळाशी काळ्या दाण्यांच्या रूपात पडलेली असते.

डस्टिंग म्हणजे एका छोट्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत चिमूटभर पावडर, त्यात किडे, हलकेच हलवायचं. किडा पांढराशुभ्र भूत दिसायला नको, हलकी झाक पुरे, जाड थर बसला तर काही गेको वास घेऊन तोंड फिरवतात. आणि लावली की लगेच द्यायचं. रातकिडा मांजरासारखा स्वतःला साफ करतो, टाकीत (गेकोच्या काचेच्या पेटीत) पाच-सहा तास मोकळा फिरला तर पावडर उतरलेली असते आणि आपण मात्र कॅल्शियम दिलं म्हणून निर्धास्त. कुठली पावडर कधी, ह्यावर दहा जण दहा वेळापत्रकं देतील. बहुतेक वेळा साधं कॅल्शियम, डी३ नसलेलं. यूव्हीबी नसेल तर आठवड्यातून साधारण एकदा डी३ वालं, यूव्हीबी असेल तर त्याहून कमी. मल्टिव्हिटॅमिन एक-दोन आठवड्यांतून एकदा, आणि त्यात अ जीवनसत्त्व आहे ना ते बघा, किड्यात ते फार कमी असतं आणि कमी पडलं की पहिले डोळे जातात, पापणीखाली कातीचे आणि घाणीचे पापुद्रे साचतात. लेबल वाचा, बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी३ आधीच घातलेलं असतं आणि आपण दोन्ही बाजूंनी देत बसतो. उघडलेला डबा सहा महिन्यांनी बदला, जीवनसत्त्वं हवेने आणि ओलाव्याने मरतात. टाकीच्या कोपऱ्यात एका झाकणात साधं कॅल्शियम ठेवायची पद्धत आहे, गेको गरज पडेल तसं चाटतो, अंडी घालणारी मादी तर हमखास. त्यात डी३ वालं ठेवू नका.

आता किडे कुठले. इथे लोकांचे पक्ष असतात अगदी निवडणुकीसारखे.

रातकिडे, म्हणजे सगळे ज्याला क्रिकेट म्हणतात, प्रोटीन साधारण २० टक्के आणि चरबी ६-७ टक्के, म्हणजे रोजच्या जेवणाला उत्तम, शिवाय पळतात त्यामुळे गेकोचा व्यायाम होतो. तोटे तीन. वास, आवाज आणि मरणं. मीलवर्म नावाने वर्म आहेत पण त्या खरं तर एका काळ्या भुंगेऱ्याच्या अळ्या, सांभाळायला सगळ्यात सोप्या, प्रोटीन जवळपास तेवढंच पण चरबी १३ टक्के आणि कॅल्शियमचा हिशोब सगळ्यात वाईट. "मीलवर्म गेकोचं पोट फाडून बाहेर येते" ही जी भीती घातली जाते ती कथा आहे फक्त, गेको चावून गिळतो आणि पोटात ॲसिड असतं, तिथे अळी काही मिनिटांची पाहुणी. नुकतीच कात टाकलेली पांढरी मीलवर्म दिसली तर ती आधी उचलून द्या, मऊ असते आणि गेको त्यावर तुटून पडतात. सुपरवर्म मोठ्या, चरबी १७-१८ टक्के, फक्त मोठ्या गेकोला आणि अधूनमधून. डुबिया झुरळं हा माझा पक्ष. नाव ऐकून घरात वाद होतो हे मान्य, पण वास जवळजवळ नाही, आवाज नाही, गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, उडून येत नाहीत आणि महिनोन्महिने जगतात. काही देशांत त्यांना बंदी आहे ते आधी बघा, गेको पाळायलाही काही ठिकाणी परवाना लागतो, तिथला नियम तिथे. आणि झुरळांची ॲलर्जी असलेला माणूस घरात असेल तर नको.

वॅक्सवर्म म्हणजे पेढा. चरबी जवळजवळ २५ टक्के, प्रोटीन १४. आजारातून उठलेल्या किंवा अंडी घालून सुकलेल्या गेकोला ठीक, बाकीच्यांना महिन्यातून एक-दोन, कारण एकदा चटक लागली की गेको रातकिड्याकडे ढुंकून बघत नाही, समोर बसून राहतो, डोळ्यांत डोळे घालून. सिल्कवर्म आणि हॉर्नवर्म मऊ आणि पाणीदार, ८० टक्क्यांच्या वर पाणीच, चरबी अगदी कमी, म्हणजे पोट साफ होत नसेल किंवा गेको कोरडा पडला असेल तर छान पण नुसत्या त्यावर पोट भरत नाही. आणि एक अपवाद सांगायलाच हवा, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. ही एकच नेहमी मिळणारी अळी जिच्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असतं, अडीच पटीच्या आसपास, कारण ही आपल्या कातडीत खरोखर चुना साठवते. हिला पावडर लावावी लागत नाही. पण कातडी चिवट असते, गेकोने नीट चावली नाही तर अख्खी बाहेर पडते, आणि बऱ्याच गेकोंना ती आवडतही नाही. सगळ्या प्रश्नांचं एक उत्तर असलेला किडा नाही मिळत, म्हणून दोन-तीन प्रकार आलटून पालटून. माझ्याकडे डुबिया आणि रातकिडे नेहमीचे, मीलवर्म मधेमधे.

आकाराचा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि तरी मोडला जातो, गेकोच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर त्याहून रुंद किडा द्यायचा नाही. किती द्यायचं ते वयावर. अंड्यातून आलेलं पिल्लू जेमतेम ३ ग्रॅमचं असतं आणि पहिले तीन-चार दिवस पोटातल्या बलकावर काढतं, पहिली कात टाकून खातं (हो, लेपर्ड गेको स्वतःची कात खातो, घाबरू नका) आणि मग भूक लागते. तेव्हापासून रोज, १०-१५ मिनिटांत खाईल तेवढं. साधारण वर्षाच्या आसपास वाढ मंदावली की एक दिवसाआड आणि मग पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा पाच ते सात किडे, बहुतेकांना एवढं भरपूर होतं. पूर्ण वाढलेला गेको साधारण ४५ ते ८० ग्रॅमचा, पण काही जाती ह्याहून मोठ्या. ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या आणि आठवड्याला एकदा वजन लिहून ठेवा, ह्याच्याइतकी कामाची वस्तू ह्या छंदात दुसरी नाही. शेपटी मानेएवढी जाड असेल तर बरोबर. काखेत मऊ फुगे दिसायला लागले आणि पोट बाजूने लोंबायला लागलं तर जास्त होतंय. हा प्राणी मागतो म्हणून देत बसायचं नसतं, चिमटा दिसला की तो मागणारच, त्याच्या हिशोबात पुढे दुष्काळ आहे.

खायला घालायच्या आधी एक गोष्ट तपासा, जमीन गरम आहे का. हे वाक्य जेवणाच्या लेखात कुठून आलं वाटेल पण गेकोला स्वतःची उष्णता नसते, पोटातलं पचन बाहेरच्या गरमीवर चालतं. गरम बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश हवी, थंड बाजू २४-२६. वीज गेली किंवा हीट मॅट (टाकीची जमीन गरम ठेवणारी विजेवरची चटई) बंद पडली आणि त्याच रात्री सहा किडे खाऊ घातले तर ते पोटात पडून राहतात, सडतात आणि गेको उलटी करतो. माझी मॅट एकदा बंद पडली होती आणि मला दोन दिवस पत्ता नव्हता, मी मात्र "आज खाल्लं नाही का बरं" म्हणून किडे बदलून बदलून बघत होतो. उलटं टोक पण वाईट, थर्मोस्टॅट (तापमान आवरणारं यंत्र) नसलेली मॅट पोट भाजते. सुटी वाळू टाळा, किड्यासोबत घास घास वाळू पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं, त्यातही "कॅल्शियमवाली वाळू" नावाचा जो प्रकार विकतात त्यापासून लांब, कॅल्शियम शोधणारा प्राणी ती मुद्दाम खातो.

वेळ संध्याकाळची, दिवा मालवला की. चिमट्याने द्या किंवा गुळगुळीत वाटीत, पण रातकिडे मोकळे सोडले तर न खाल्लेले उचलून घ्या. रात्रभर उपाशी राहिलेले रातकिडे झोपलेल्या गेकोची बोटं आणि पापण्या कुरतडतात, खरंच कुरतडतात. आणि उचललेले किडे परत मोठ्या डब्यात टाकू नका, हे फारसं कोणी सांगत नाही. किडे टाकीतली गेकोची विष्ठा खातात, आणि गेकोत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी असतो ज्याने शेपटी काडीसारखी सुकते आणि ज्यावर खात्रीचा उपाय नाही. एका गेकोच्या टाकीतून परत आलेला किडा तो दुसऱ्या टाकीत घेऊन जाऊ शकतो. एकच गेको असेल तर त्याच संध्याकाळी पुन्हा त्यालाच द्या, नाहीतर फेकून द्या. नवीन गेको आणला तर दोन-तीन महिने त्याचा चिमटासुद्धा वेगळा.

आता डबे. रातकिड्यांचा वास येतो अशी तक्रार असते, तर वास जिवंत रातकिड्याचा कमी आणि ओलाव्याचा जास्त. खोल प्लास्टिकचा डबा, वरून मोठा कापलेला आणि तिथे धातूची जाळी (प्लास्टिकची जाळी ते एका रात्रीत कुरतडतात, विचारा मला), आत अंड्यांचे ट्रे उभे लावायचे, आडवे नाही, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि बसायला जागा वाढते. पाण्याची वाटी ठेवायची नाही, त्यात बुडून मरतात आणि ते मेलेलेच वास मारतात, त्याऐवजी गाजराचे तुकडे किंवा पाण्याचे जेल. भाजी दुसऱ्या दिवशी काढायची, बुरशी आली की सगळी वसाहत गेली. २५ ते ३० अंशात ठेवा, गर्दी करू नका. प्रोटीन कमी पडलं तर एकमेकांना खातात. एवढं करूनही मरणार, कारण रातकिड्याचं अख्खं आयुष्यच आठ-दहा आठवड्यांचं आणि आपण आणतो तेव्हा त्यातलं अर्धं संपलेलं असतं. पंख आलेले पूर्ण मोठे आणले तर हातात दोन-तीन आठवडेच. म्हणून थोडे लहान आणा. आवाज फक्त पंख आलेले नर करतात, म्हणजे लहान आणले तर शांतताही मिळते. आणि तुमच्या हातून काहीही न चुकता अख्खा डबा दोन दिवसांत उताणा पडला तर तोही प्रकार आहे, घरगुती रातकिड्यांचा एक विषाणू आहे ज्याने २०१० च्या आसपास अमेरिकेतली मोठमोठी क्रिकेट फार्म बुडवली, त्यानंतर बऱ्याच जणांनी जातच बदलून दुसरे रातकिडे पाळायला घेतले.

मीलवर्मला कष्टच नाहीत. पसरट डबा, तीन-चार बोटं गव्हाचा कोंडा, वर गाजराची चकती. कोंडा हेच घर आणि हेच जेवण. फ्रिजमध्ये ७ ते १० अंशात ठेवल्या तर झोपून राहतात, आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर खाऊ घालायचं आणि परत आत, महिने महिने टिकतात. घरी वाढवायच्या असतील तर फ्रिज नको, त्या कोश करतील, दोनेक आठवड्यांत भुंगेरे बाहेर येतील, अंडी घालतील, आणि तीन-चार महिन्यांत चक्र फिरलं. कोंड्याला ओल आली की बारीक पांढरे माइट्स होतात, डब्याच्या कडेने पिठासारखी धूळ हलताना दिसली की समजायचं, मग सगळं ओतून नवीन सुरवात. सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, मरतात. मी एक अख्खा डबा असा घालवलाय, दिसायला सारख्याच म्हणून सारखंच वागवलं. त्यांचा अजून एक विक्षिप्तपणा म्हणजे गर्दीत असेपर्यंत त्या कोशच करत नाहीत, वाढवायच्या तर एकेकीला छोट्या डबीत एकटी ठेवावी लागते.

डुबियांना ऊब लागते, नुसतं जगायला खोलीचं तापमान चालतं पण पिल्लं हवी असतील तर ३० अंशाच्या आसपास. मादी अंडी बाहेर न घालता पोटातच ठेवते आणि थेट पिल्लं देते, एका वेळी २०-३०. पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने, म्हणून वसाहत सुरू केल्यावर पहिलं अर्ध वर्ष हात आवरावा लागतो. तिथेच सगळे फसतात, मोठ्या माद्या दिसतात म्हणून त्याच आधी खायला घालतात.

बागेतले किडे पकडून दिले तर, हा प्रश्न नेहमी येतो. नको. फवारणी कुठे झालीय माहीत नसतं, परजीवी वेगळेच. आणि काजवा तर कधीच नाही, त्यात ल्युसिबुफॅजिन नावाचं हृदयावर जाणारं विष असतं, एका काजव्याने बिअर्डेड ड्रॅगनसारखा मोठा सरडा मेल्याच्या नोंदी आहेत, गेको तर त्याच्यापुढे केवढासा.

गेको खात नसेल तर आधी जमिनीचं तापमान मोजा. मग बघा रंग फिका पांढुरका झालाय का, कात टाकायच्या आधी दोन-तीन दिवस बहुतेक गेको खात नाहीत. नर विणीच्या हंगामात आठवडेच्या आठवडे मादीच्या विचारात काढतो, थंडीतही भूक मंदावते. शेपटी जाड आहे आणि वजन जागेवर आहे तोवर निरोगी मोठा गेको दोन-तीन आठवडे सहज काढतो. वजन १० टक्क्यांनी उतरलं, शेपटी बारीक व्हायला लागली किंवा शी पातळ आणि घाण वासाची आली तर मात्र वाट बघू नका, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा आणि जाताना ताजी शी छोट्या डबीत घेऊन जा, अर्धं उत्तर तिथे असतं. पिल्लांना मात्र ही सवलत नाही, त्यांच्याकडे साठाच नसतो, चार-पाच दिवस नाही खाल्लं की डॉक्टर.

आणि एखादा रातकिडा सुटून कपाटामागे गेला, रात्री दोन वाजता गायला लागला, तर कपाट सरकवत बसू नका. काचेची बरणी, आत गाजराचा तुकडा, बाहेरून चढायला पुठ्ठ्याचा उतार, दिवे बंद. काच आतून गुळगुळीत असते, उतरतो पण चढता येत नाही. सकाळी बरणीत बसलेला असतो, गाजर खाऊन, म्हणजे गट लोडिंग पण झालेलं.